लाल छिद्रांची बोलीट: नाव काय, आणि ताटात घ्यायची का?

युरोपातल्या जंगलात अळंबी गोळा करायला निघालेल्या नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी एक नियम सांगतात. टोपी उलटी करून बघ, खालची बाजू लाल असेल तर तिला हात लावू नकोस. नियम चांगला आहे, आणि नव्या माणसाने तो पाळलाच पाहिजे. पण टोपलीत काय घालू नये एवढंच तो सांगतो, समोर काय उगवलं आहे ते सांगत नाही. खालून लाल दिसणाऱ्या या अळंब्यांमध्ये एक जात अशी आहे, जी जर्मनीत आणि चेकियात लोक वर्षानुवर्षं शिजवून खात आले आहेत. दुसरी अशी आहे, जिला शास्त्रज्ञांनी सैतानाचंच नाव दिलं. या दोघींच्या मध्ये आणखी कितीतरी जाती आहेत आणि त्यांतल्या काही सूक्ष्मदर्शकाशिवाय सुटत नाहीत.

म्हणून दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवायला हवेत. ही कोणती जात आहे, हा एक. ती खायची का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं.

बोलीट म्हणजे कोणती अळंबी

बाजारातलं बटण मशरूम किंवा आपल्याकडे पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी उलटी केली, तर खाली देठापासून कडेपर्यंत गेलेले पातळ पापुद्रे दिसतात. बोलीट गटात असे पापुद्रे नसतात. तिथे उभ्या नळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा एक मऊ थर झालेला असतो. खालून बघताना त्या नळ्यांची तोंडं बारीक छिद्रांसारखी दिसतात. बीजाणू नळ्यांच्या आतल्या भिंतींवर तयार होतात आणि खाली गळतात. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवली, तर सकाळी त्यावर हिरवट तपकिरी भुकटी पडलेली सापडते. झाडाच्या खोडावर फळीसारख्या वाढणाऱ्या कडक बुरशींनाही छिद्रं असतात, पण त्या चिवट, लाकडासारख्या असतात. बोलीटचं मांस मऊ असतं आणि नळ्यांचा थर टोपीपासून बोटाने सोडवता येतो.

इटालियन जेवणातली पोर्चिनी ही या घराण्यातली सगळ्यांत प्रसिद्ध जात. तिची छिद्रं कोवळेपणी पांढरी असतात, मग पिवळसर होतात, शेवटी हिरवट. लाल कधीच होत नाहीत.

लाल छिद्रांच्या जातींमध्ये लाल रंग कुठे असतो ते एकदा कापून बघण्यासारखं आहे. टोपी उभी चिरली की नळ्या आतून पिवळ्या किंवा हिरवट पिवळ्या निघतात. लाल असतं ते फक्त त्यांचं तोंड, अगदी शेवटची कड. व्हेरिएगॅटोरुबिन नावाचं एक रंगद्रव्य तिथे साठतं. म्हणजे हा लाल रंग अळंबीच्या वयाबरोबर येतो आणि वयाबरोबर बदलतो. सैतानी बोलीट कोवळी असताना तिची छिद्रं पिवळी असतात. मग नारिंगी होतात, मग लाल, आणि म्हातारपणी पुन्हा फिकी पडतात. जो माणूस फक्त रंग बघून ठरवतो त्याच्या टोपलीत एखादी कोवळी सैतानी बोलीट सहज शिरू शकते.

उलट बाजूनेही हा नियम अपुरा आहे. जपानमधली निओबोलेटस व्हेनेनाटस आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातली बोलेटस ह्युरोनेन्सिस या दोन्ही जातींची छिद्रं पिवळी असतात आणि दोन्ही माणसाला चांगलंच आजारी पाडतात. लाल नाही म्हणजे सुरक्षित, असा अर्थ कुणी काढू नये.

निळा रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही

लाल छिद्रांच्या बहुतेक बोलीट कापल्या किंवा दाबल्या की निळ्या पडतात. काही तर इतक्या झटकन की सुरी बाहेर निघेपर्यंत पिवळं मांस शाईसारखं गडद झालेलं असतं. पहिल्यांदा बघणारा दचकतो. हे विषच आहे, असं त्याचं मन सांगतं.

त्यात तसं काही नाही. मांसात व्हेरिएगॅटिक आम्ल आणि झेरोकोमिक आम्ल अशी पिवळी नारिंगी द्रव्यं असतात. पेशी फुटल्या की त्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येतो, विकरं मदतीला येतात आणि त्या द्रव्यांचं निळं रूप तयार होतं. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं, तिथेही विकरं आणि ऑक्सिजनच काम करत असतात. रसायनं वेगळी, क्रिया त्याच प्रकारची. हा निळा रंग थोड्या वेळाने मावळतो आणि शिजवल्यावर बहुतेक वेळा जातो. काही नशा आणणाऱ्या अळंब्याही निळ्या पडतात, पण त्यांच्या निळ्याचं कारण निराळं. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावायचा नाही.

निळेपणा आणि विषारीपणा यांची जोडी लागत नाही याचा पुरावा या घराण्यातच आहे. पिवळ्या छिद्रांची इम्लेरिया बाडिया दाबली की निळसर होते, आणि मध्य युरोपात ती खूप खाल्ली जाते. लाल छिद्रांच्या जातींमध्ये फार झटकन आणि गडद निळी पडणारी एक जात शिजवून खाल्ली जाते. सैतानी बोलीट मात्र हळूहळू, फिकट निळी पडते. ‘जितकं निळं तितकं विषारी’ हे सूत्र धरून चालणारा माणूस नेमका उलटी निवड करील.

मग निळ्याचा उपयोग काय? ओळखीसाठी पुष्कळ. किती वेगाने पडला, किती गडद, टोपीच्या मांसात पडला की देठातही, आधी मांसाचा रंग कोणता होता, या प्रत्येक गोष्टीने जातीची यादी छोटी होत जाते.

तीन मुख्य जाती

युरोपात लाल छिद्रांची बोलीट समोर आली तर बहुतेक वेळा पुढच्या तीनपैकी एकीचा विचार आधी करावा लागतो. त्या नीट कळल्या की बाकीच्यांना त्यांच्या आजूबाजूला बसवता येतं.

पहिली निओबोलेटस ल्युरिडिफॉर्मिस. जुन्या पुस्तकांत ती बोलेटस एरिथ्रोपस या नावाने सापडेल. टोपी गडद तपकिरी, काळपटाकडे झुकणारी, कोवळेपणी मखमली. छिद्रं नारिंगी लाल ते गडद लाल. देठ पिवळा, पण त्यावर बारीक लाल ठिपके इतके दाट की लांबून सगळा देठच लाल वाटतो. इथे भिंग हवं, निदान डोळे देठाजवळ न्यायला हवेत, कारण या ठिपक्यांवर सगळी ओळख टेकलेली आहे. ठिपकेच असतात, जाळी नसते. कापली तर मांस झळझळीत पिवळं, आणि बघता बघता गडद निळं. ही आम्लधर्मी जमिनीत वाढते, स्प्रूस, बीच आणि ओक या झाडांच्या संगतीने. जर्मनीत तिला चेटकिणीची बोलीट म्हणतात आणि चेकियात लोहाराची.

दुसरी सुइलेलस ल्युरिडस. हिची टोपी पिवळट हिरवी, जर्दाळू रंगाची, कधी तपकिरी. एकाच झाडाखालच्या दोन टोप्या एका रंगाच्या असतील याची खात्री नाही. छिद्रं नारिंगी लाल. देठावर लाल रेषांची उठून दिसणारी जाळी असते आणि तिची घरं उभट, ताणलेली असतात. पहिलीचे ठिपके, हिची जाळी. हा फरक पाठच करावा. आणखी एक खूण कापल्यावर दिसते. नळ्यांचा थर जिथे टोपीच्या मांसाला मिळतो तिथे बहुतेक वेळा लाल रेघ असते. या रेघेला फ्रेंच बुरशीतज्ज्ञ फ्रेदेरिक बातायचं नाव आहे. नळ्या बोटाने काढून टाकल्या तर खाली लालसर पृष्ठभाग दिसतो. ही चुनखडीच्या जमिनीत, ओक, बीच आणि लिंडनच्या झाडांखाली येते, शहरातल्या बागांतही. म्हणून ती कधीकधी अगदी फिरायच्या वाटेवर भेटते.

तिसरी रुब्रोबोलेटस सॅटानास, सैतानी बोलीट. चांगली पोसलेली असेल तर टोपी तीस सेंटिमीटरपर्यंत जाते. रंग खडूसारखा पांढरट, राखाडी, किंचित हिरवट छटेचा. देठ जाडजूड, खाली फुगलेला, आखूड. वर पिवळा, मध्ये लाल, आणि त्यावर बारीक लाल जाळी. मांस पांढरट ते फिकट पिवळं, हळू आणि हलकं निळं पडणारं. जुनी झाली की तिला सडक्या मांसासारखा वास येतो. जमीन चुनखडीची, जागा उबदार, झाडं ओक आणि बीच, दिवस उन्हाळ्याचे. दक्षिण युरोपात ती जास्त दिसते. इंग्लंडमध्ये आणि जर्मनीच्या बऱ्याच भागांत ती दुर्मिळ आहे. तिचं वर्णन जर्मन निसर्गअभ्यासक हाराल्ड ओथमार लेन्झ यांनी १८३१ मध्ये केलं. ती खाऊन लोक आजारी पडल्याचं त्यांना माहीत होतं, आणि काम करताना तिच्या नुसत्या वासानेही आपली तब्येत बिघडली असं त्यांना वाटलं. नाव त्यातून आलं.

पांढरट टोपी, लाल छिद्रं, फुगलेला देठ हे त्रिकूट एकत्र दिसलं की शंका फारशी उरत नाही. अडचण येते ती हिच्या बहिणींमुळे. रुब्रोबोलेटस ऱ्होडोझँथसच्या टोपीला गुलाबी झाक असते आणि मांस चांगलंच पिवळं. निळा रंग फक्त टोपीच्या मांसात पडतो, देठ पिवळाच राहतो. रुब्रोबोलेटस लेगॅलिए टोपीने गुलाबीसर, तिच्या मांसाला चिकोरीसारखा वास येतो. इम्परेटर या कुळातल्या काही जाती जांभळट लाल असतात आणि हात लागताच निळ्या काळ्या होतात. सुइलेलस क्वेलेटीच्या देठावर ना ठळक ठिपके ना जाळी, पण देठाच्या बुडाशी मांस बिटासारखं लाल. माझ्या मते ज्याला या घराण्याची गोडी लागली आहे त्याने खरा वेळ इथे घालवावा, कारण इथे डोळा तयार होतो.

एक छोटी जात वेगळी काढून ठेवू. चाल्सिपोरस पिपेराटस ही बारकी, दालचिनीच्या रंगाची बोलीट. छिद्रं तांबूस, देठाच्या बुडाशी मांस झळझळीत पिवळं, चव मिऱ्यासारखी तिखट. ती निळी पडत नाही आणि वरच्या जातींशी तिचं नातं दूरचं आहे.

नावं इतकी अवघड का, असा प्रश्न पडला असेल. जवळपास ही सगळी मंडळी पूर्वी बोलेटस या एकाच कुळात होती. जनुकांची तुलना सुरू झाल्यावर कळलं की लाल छिद्रं असणं हे एका वंशाचं लक्षण नाही. वेगवेगळ्या फांद्यांवर ते दिसतं. २०१४ च्या सुमारास कुळं फोडली गेली. रुब्रोबोलेटस आणि निओबोलेटस ही दोन्ही नावं त्याच वर्षीची. त्यामुळे तुमच्याकडचं पुस्तक २०१४ पूर्वीचं असेल तर त्यात ही नावं सापडणार नाहीत. वर्णन वाचा.

जंगलात काय करायचं

अळंबी देठाच्या मध्यावर कापू नका. बुडासकट, हलक्या हाताने फिरवून काढा, कारण निम्मी ओळख देठात आणि त्याच्या बुडाशी असते. हात लावायला भिऊ नका. विष पोटात गेलं तर बाधतं, त्वचेतून नाही. आधी टोपी वरून आणि खालून बघा. एका बोटाने छिद्रं दाबा आणि काय होतं ते बघा. मग देठ: ठिपके, जाळी की दोन्ही नाही. मग उभी चीर, आणि चिरल्या क्षणापासून लक्ष. पहिला रंग काय होता हे बरेच जण बघत नाहीत आणि निळं झाल्यावर फोटो काढतात. फोटो काढायचाच तर कापताक्षणी एक आणि मिनिटाने एक.

मान वर करून झाड बघा. या जाती जिवंत झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतात. बुरशी झाडाला पाणी आणि क्षार पुरवते, झाड तिला साखर देतं. म्हणून आजूबाजूला ओक आहे की स्प्रूस, आणि खाली चुनखडी आहे की आम्लधर्मी माती, हा ओळखीचाच भाग आहे. तीनपैकी दोन जातींना चुनखडी लागते आणि पहिलीला आम्लधर्मी जमीन, हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ गोंधळ टळतो. कागदी पिशवीत किंवा टोपलीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. तिथे त्या घामेजतात आणि लवकर सडतात.

विष आणि शिजवणं

सैतानी बोलीटमधून १९८९ मध्ये बोलेसॅटिन नावाचं एक विषारी प्रथिन वेगळं काढलं गेलं. ते पेशीतली प्रथिनं बनवण्याची क्रियाच अडवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पचनातली विकरं त्याला सहजी तोडू शकत नाहीत, उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. खाल्लेलं प्रथिन एरवी पोटात मोडून निरुपद्रवी होतं. हे होत नाही. अर्ध्या तासापासून काही तासांत मळमळ, जोरदार उलट्या, जुलाब, कळा सुरू होतात. धडधाकट माणूस बहुतेक वेळा यातून बाहेर येतो, पण शरीरातलं पाणी आणि क्षार झपाट्याने जातात. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले यांच्यासाठी हे साधं पोट बिघडणं नाही.

मृत्यू अगदीच ऐकिवात नाही असंही नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रुब्रोबोलेटस पल्चेरिमस नावाची लाल छिद्रांची देखणी जात आहे. १९९४ मध्ये ती खाऊन एक जोडपं आजारी पडलं आणि नवरा दगावला. शवविच्छेदनात आतड्याच्या मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला आढळला. बोलीट कधी जीव घेत नाहीत, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

आता चेटकिणीची बोलीट. ती खाल्ली जाते, पण कच्ची किंवा अर्धकच्ची ती पोट बिघडवते. तिच्यातले त्रासदायक घटक उष्णतेने निकामी होतात, म्हणून जर्मनीत ती निदान १५ ते २० मिनिटं नीट शिजवायला सांगतात. नुसती तव्यावर परतून, वरून खमंग आणि आतून कच्ची अशी चालत नाही. इथे एक घोटाळा वारंवार होतो. या जातीबद्दलचं ‘शिजवली की चालते’ हे वाक्य लोक सगळ्याच लाल छिद्रांच्या बोलीटना लावतात. सैतानी बोलीटला ते लागू नाही. शिजवणं हा सरसकट उपाय नाही. एका विशिष्ट जातीच्या विशिष्ट घटकांवर तो चालतो, आणि तोही जात निर्विवाद ओळखली असेल तर.

सुइलेलस ल्युरिडस मधेच लटकते. नीट शिजवून खाणारे आहेत, पण दारूबरोबर खाल्ल्याने चेहरा लाल होणं, धडधड, मळमळ असे त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. अशी प्रतिक्रिया देणाऱ्या दुसऱ्या एका अळंबीत कोप्रिन नावाचं द्रव्य सापडतं. या बोलीटमध्ये ते सापडलेलं नाही, आणि काही जणांना दारूबरोबर खाऊनही काही झालं नाही. दारू दूर ठेवणं शहाणपणाचं. मी तर म्हणेन, ही जात खायच्या यादीतून वगळावी. सैतानी बोलीटचीच जमीन, तीच झाडं, देठावर दोघींच्या जाळी, आणि बदल्यात मिळणार काय, तर एक वेळची भाजी.

‘आमच्याकडे कायम खातात, कुणाला काही झालं नाही’ हा युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो. पॅक्सिलस इनव्होल्युटस ही बोलीटच्याच मोठ्या गणातली, पण पापुद्रे असलेली अळंबी पूर्व आणि मध्य युरोपात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात होती. जर्मन बुरशीतज्ज्ञ यूलियस शेफर ऑक्टोबर १९४४ मध्ये तीच खाऊन वारले. नंतर कळलं की वारंवार खाल्ल्याने काही माणसांच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि एके दिवशी स्वतःच्याच रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. शेफर नवखे नव्हते, तो त्यांचा विषयच होता. वर्षानुवर्षं खाल्लं म्हणजे सुरक्षित ठरलं, हे म्हणताना त्यांचं नाव आठवावं.

चीनच्या युनान प्रांतात तर निळ्या पडणाऱ्या बोलीट हा पावसाळ्यातला लाडका पदार्थ आहे. हात लागला की निळी होते म्हणून तिकडे त्यांना जिआन शौ चिंग म्हणतात. या एका नावाखाली अनेक जाती विकल्या जातात, त्यांत लाल छिद्रांच्याही आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध लॅनमाओआ एशियाटिका, पिवळ्या छिद्रांची आणि तांबूस टोपीची. नीट न शिजवता खाल्ली तर माणसाला आजूबाजूला इवलीशी माणसं फिरताना दिसतात, असं तिथले रुग्ण सांगतात. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी बीजिंगमधल्या युनान पद्धतीच्या एका हॉटेलात ही डिश खाल्ली आणि ती जगभर चर्चेत आली. त्यांना काही त्रास झाला नाही. पण त्या डिशमागे त्या जातीला ओळखणारा बाजार आणि ती शिजवणारे सराईत हात होते. बातमी वाचून युरोपातल्या जंगलातली निळी पडणारी अळंबी कढईत टाकणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

मराठी माणसासाठी थोडं वेगळं

महाराष्ट्रात या जाती का भेटत नाहीत? कारण झाडं. बोलीटना मुळांची जी भागीदारी लागते ती ओक, बीच, पाइन, स्प्रूस अशा झाडांशी जमते. भारतात ती हिमालयातल्या ओक आणि देवदारांखाली, मध्य आणि पूर्व भारतातल्या सालवनात, आणि पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या होपिया, व्हॅटेरिया अशा झाडांखाली दिसते. सागाच्या मुळांची सोयरीक दुसऱ्या प्रकारच्या बुरशीशी असते. म्हणून आपल्या नेहमीच्या जंगलांत बोलीट त्या मानाने कमी.

कोकणात आणि गोव्यात वारुळावरची अळंबी ओळखणारी माणसं त्यांच्या क्षेत्रात पक्की असतात. जागा, पाऊस, वारूळ, जमिनीत खोल गेलेलं मुळासारखं देठ, सगळं त्यांना ठाऊक असतं. पण ते ज्ञान त्या मातीपुरतं आहे. म्युनिक, झुरिक किंवा लंडनजवळच्या जंगलात ते उपयोगी पडत नाही, उलट दगा देऊ शकतं. २०१५ मध्ये जर्मनीत नव्याने आलेल्या अनेक निर्वासितांना डेथ कॅप या प्राणघातक अळंबीने विषबाधा झाली. डेथ कॅपला पापुद्रे असतात, ती बोलीट नाही. तरी धडा इथेही लागू पडतो. परक्या जंगलात ओळखीचा चेहरा दिसला म्हणून विश्वास टाकायचा नसतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी युरोपातली पुस्तकंही तशीच वापरू नयेत. तिथली लाल छिद्रांची फ्रॉस्ट बोलीट सफरचंदासारखी लालबुंद आणि देठावर खोल जाळीची असते, मेक्सिकोत ती खातात. पश्चिम किनाऱ्यावर मात्र रुब्रोबोलेटस ईस्टवुडिए ही सैतानी बोलीटची अमेरिकन बहीण उगवते.

घरगुती परीक्षा सोडून द्या. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो का, गोगलगायीने खाल्ली आहे का, यांतल्या कशाचाही विषाशी संबंध नाही. गोगलगायीचं पचन आपल्यासारखं नसतं. कच्चा तुकडा चाखून थुंकायची पद्धत काही अनुभवी लोक कडूपणा बघायला वापरतात. लाल छिद्रांच्या जातींवर ती वापरू नये, आणि सैतानी बोलीटवर तर मुळीच नको. फोनवरचं ॲप नाव सुचवायला ठीक, पण देठाची जाळी त्याला अनेकदा दिसत नाही आणि मांसाचा वास तर येतच नाही. त्याच्या भरवशावर ताट वाढू नका.

त्याऐवजी माणसाकडे जा. जर्मनीत परीक्षा देऊन प्रमाणित झालेले अळंबीतज्ज्ञ असतात आणि बरेच जण टोपली मोफत तपासून देतात. स्वित्झर्लंडमध्ये अनेक नगरपालिकांची अधिकृत तपासणी केंद्रं आहेत. फ्रान्समध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणातच अळंबीओळख असते, त्यामुळे औषधाच्या दुकानात विचारायची रीत आहे. तपासायला नेताना अख्खी अळंबी न्या, चिरलेली नाही, आणि कोणत्या झाडाखाली मिळाली ते सांगा.

नाव बरोबर निघालं तरी त्यावरच थांबू नका. विषबाधेचे कितीतरी प्रकार विषारी जातीमुळे नव्हे, तर चांगल्याच जातीची जुनी, किडकी, सडू लागलेली अळंबी खाल्ल्यामुळे होतात. टोपी लिबलिबीत, नळ्या हिरव्याकाळ्या, आत अळ्यांची भोकं असतील तर ती जंगलातच राहू द्या. पहिल्यांदा खाताना अगदी थोडी खा, एकच जात खा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी खाऊ नका. हे मी खाण्याजोग्या ठरलेल्या जातींबद्दल सांगते आहे. लाल छिद्रांच्या बोलीटबद्दल नव्या माणसाला माझं उत्तर आहे, बघा, कापा, फोटो काढा, अभ्यास करा, खाऊ नका. चेटकिणीची बोलीट खायचीच असेल, तर काही हंगाम तिला जाणकारासोबत ओळखा, आणि मग त्याच्याच हाताखाली शिजवा.

कुणी चुकून खाल्लीच आणि त्रास सुरू झाला, तर वाट बघत बसू नका. त्या देशाच्या विषबाधा केंद्राला फोन करा किंवा थेट रुग्णालयात जा. कधी खाल्लं आणि पहिली उलटी कधी झाली, या दोन वेळा डॉक्टरांना नक्की सांगा. बोलीटचा त्रास साधारणपणे काही तासांतच सुरू होतो. सहा तासांहून जास्त वेळाने सुरू झाला, तर टोपलीत डेथ कॅप शिरली असल्याची शक्यता डॉक्टरांना धरावी लागते, आणि तिचा उपचार वेगळा असतो. उलट्या थांबून बरं वाटू लागलं तरी रुग्णालयातून परत येऊ नका, कारण डेथ कॅपमध्ये मधे असाच फसवा आराम पडतो आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं. ताटात उरलेली भाजी, साफ करताना टाकलेली सालं, कचऱ्याच्या डब्यातले देठाचे तुकडे, शक्य असेल तर उलटीचा नमुनाही, बरोबर न्या. उरलेल्या तुकड्यांवरून जाणकार जात ओळखू शकतात. शिजलेल्या भाजीतले बीजाणूही सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.